राहायचं ठरलं, आता घराला हात कुठे लावायचा?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पहिल्यांदा तो रंगाचा आणि फॉल्स सीलिंगचा वाटला. दुसऱ्यांदा एका वाक्यापाशी अडखळले: "पुढच्या वर्षी जाणारच म्हणून अकरा वर्षं इथे काही केलंच नाही."

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. सिंहगड रस्त्यावरची १९९४ च्या सुमारची चार मजली इमारत, दुसऱ्या मजल्यावर सव्वासहाशे चौरस फुटांचा टू बीएचके. घरात नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. मोठं घर घ्यायचा बेत मार्चमध्ये सोडून दिला, आहे त्याचं कर्ज फिटलं, हाताशी पाच लाख आहेत आणि सासूबाईंना दिवाळीच्या आत घर लखलखीत हवंय. प्रश्न असे: रंग कोणता द्यावा, फॉल्स सीलिंग करावं का, जुनी मोझाइक फरशी काढून व्हिट्रिफाइड टाइल्स टाकाव्यात का, देवघर ईशान्येलाच हवं का, आणि शेवटी, दारावर नावाची पाटी करून घ्यावी का.

मी गेली बावीस वर्षं पुण्यात लहान घरांचीच कामं करते. बंगले फार थोडे. बहुतेक गिऱ्हाइकं नवा ताबा मिळालेली असतात आणि त्यांना आपल्या घराबद्दल काहीच माहीत नसतं. ऊन कुठून येतं, वरच्या मजल्यावर पहाटे पाचला कोण खलबत्ता कुटतं, पाणी किती वाजता कमी दाबानं येतं, यातलं काही नाही. तुम्हाला हे सगळं अकरा वर्षांचं पाठ आहे. त्यामुळे मोबाइलमध्ये साठवलेले सुंदर हॉलचे फोटो थोडे दिवस बाजूला ठेवा आणि एक वही घ्या. घरातल्या चौघांनी आठवडाभर त्यात कुरकुर लिहायची, म्हणजे जिथे जिथे हात अडतो, पाय अडतो, चिडचिड होते ते सगळं. "मिक्सर लावायचा तर फ्रिजचा प्लग काढावा लागतो." "रात्री आजीला बाथरूमचा दिवा सापडत नाही." "दप्तर ठेवायला जागाच नाही." माझ्या मते हेच तुमच्या कामाचं खरं अंदाजपत्रक.

निघायच्या तयारीत राहिलेल्या घराची काही लक्षणं असतात. मी स्वतः लग्नानंतर आठ वर्षं अकरा महिन्यांच्या करारांवर घरं बदलत राहिले, त्यामुळे ती मला लांबून ओळखू येतात. एका एक्स्टेंशन बोर्डावर दुसरा एक्स्टेंशन बोर्ड. माळ्यावर मागच्या स्थलांतराचे, टेपही न काढलेले खोके. खिडकीला आधीच्या घराचा, चार इंच आखूड पडदा. भिंतीवर एकही खिळा नाही, फोटो कपाटावर टेकवून ठेवलेले. स्वतःचं घर झाल्यावरही आमचे लग्नातले फोटो दीड वर्ष जमिनीवर भिंतीला टेकून उभे होते, कारण ड्रिल मारायला घरमालकाला विचारावं लागतं ही सवय हातातून गेली नव्हती. तुमच्याकडेही असं काय काय आहे ते आधी बघा. आखूड पडदा बदलायला डिझायनर लागत नाही.

आता तुमच्या परिस्थितीवर अवलंबून असलेली मोठी गोष्ट. तुमच्या इमारतीला तीस वर्षं उलटून गेली आहेत. पुण्यात या वयाच्या सोसायट्यांमध्ये पुनर्विकासाची कुजबुज सुरू होतेच. कमिटीला सरळ दोन प्रश्न विचारा: सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाचा विषय आला आहे का, आणि शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी, कधी झालं? आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांनुसार, पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी व्हायला हवं. अहवाल मागून वाचा. पाच-सहा वर्षांत इमारत पाडायचं ठरत असेल, तर फरशी आणि बाथरूममध्ये पैसे गाडू नका. तेच पैसे उचलून नेता येतील अशा वस्तूंत घाला: स्क्रू काढून सुटं होणारं कपाट, चांगली गादी, दिवे, पंखे. तसं काही नसेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी. मी दुसरी शक्यता धरून लिहितेय.

पहिला शत्रू पाणी. तुम्ही ओझरतं लिहिलंय की हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला "थोडे पोपडे" आले आहेत आणि रंग दिल्यावर ते झाकले जातील. झाकले जातील, हो, एक पावसाळाभर. आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे इमारतीच्या पश्चिम आणि दक्षिण भिंती सगळा मार खातात. बाहेरच्या गिलाव्याला केसाएवढी चीर पुरते. पाणी आत शिरतं, विटांमधले क्षार सोबत घेऊन आतल्या बाजूला येतं आणि भिंत वाळली की ते क्षार पांढऱ्या पिठासारखे बाहेर पडतात. याला आपण लोणा लागणं म्हणतो. लोणा लागलेल्या भिंतीवर जगातली कितीही महाग पुट्टी लावा, ती धरत नाही, कारण खालचा थरच सुटतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्याच हॉलला मी ऑगस्टमध्ये रंग दिला होता. गौरी-गणपतीच्या आधी हवा होता, रंगारी मोकळा सापडला, चार दिवस ऊनही पडलं. दिवाळीला सोफ्यामागचा रंग बोटानं सोलता येत होता. पाहुण्यांसमोर माझा मुलगा तो सोलत बसायचा.

ओल कुठून येते ते ओळखायची साधी रीत आहे. फूटभर चौरस जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारही कडा रुंद चिकटपट्टीनं भिंतीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला दिसले तर खोलीतलीच दमट हवा थंड भिंतीवर जमतेय, आणि त्याला वॉटरप्रूफिंगपेक्षा खिडकी उघडणं आणि कपाट भिंतीपासून सरकवणं जास्त लागू पडतं. ओल बाराही महिने असेल तर संशय पाइपावर किंवा वरच्या बाथरूमवर घ्या. फक्त जून ते ऑक्टोबर असेल तर बाहेरच्या भिंतीवर किंवा खिडकीच्या सज्जावर. तुमची भिंत पश्चिमेची आणि पोपडे खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात आहेत, म्हणजे माझा अंदाज दुसऱ्याकडे झुकतो. खिडकीची खालची पट्टी बाहेरच्या बाजूला उताराची आहे का तेही पाहा. जुन्या इमारतींत ती सपाट किंवा चक्क आतल्या बाजूला उतरती सापडते.

खर्च कोणाचा, यावरून सोसायटीत वाद होणारच, म्हणून सांगते. पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती दुरुस्त करणं आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीच्या खर्चाचं काम आहे. घरातल्या संडास-बाथरूम-सिंकमुळे होणारी गळती त्या त्या सभासदाची. तुमच्या सोसायटीनं कोणते उपविधी स्वीकारले आहेत ते बघा, मग फोटो लावून लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि तो आत्ताच द्या. बाहेरच्या चिरा भरून घ्यायच्या तर मृग लागायच्या आत. झुल्यावर लटकून काम करणारी माणसं जूनमध्ये मिळत नाहीत, मिळाली तरी तेव्हा करून उपयोग नसतो.

आता दिवाळी. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि ही गोष्ट मी सांगितली म्हणून सांगा, म्हणजे तुमच्यावर येणार नाही: दिवाळीच्या आधीचा रंग हा घाईचा रंग असतो. पुण्यात परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत रेंगाळतो, भिंती ओल्याच असतात. आणि त्याच दिवसांत प्रत्येक रंगाऱ्याकडे पाच-पाच घरं असतात. पुट्टीचा एक हात सकाळी, दुसरा दुपारी, संध्याकाळी प्रायमर, असं उरकतात. मी तुम्हाला पुढच्या गुढीपाडव्याचा मुहूर्त सुचवते. या उन्हाळ्यात बाहेरच्या चिरा आणि आतला लोणा लागलेला गिलावा खरवडून नवा. पावसाळा नुसता बघायचा, ओल परत येते का. नव्या गिलाव्याला रंगाआधी महिनाभर वाळू द्यावं लागतं, तो वेळ आपोआप मिळतो. पावसाळ्यात वायरिंग आणि सुतारकाम. फरशी आणि रंग डिसेंबर-जानेवारीत. दिवाळीला सासूबाईंसाठी दारापुढचा पॅसेज आणि त्यांची खोली, जी आतल्या बाजूला आहे आणि कोरडी आहे, तेवढी करून घ्या. बहुतेक वेळा ज्येष्ठांना अख्खं घर नको असतं, काहीतरी सुरू झालंय एवढं दिसायला हवं असतं.

वायरिंगबद्दल थोडक्यात, पण गंभीरपणे. ९४ सालच्या घरात एका खोलीला दोन प्लग असत, कारण तेव्हा वस्तूच तेवढ्या होत्या. तुमच्या घरातले एक्स्टेंशन बोर्ड मोजा. जितके बोर्ड, तितके नवे पॉइंट हवेत, हा माझा हिशेब. दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, गीझर-मायक्रोवेव्हच्या सोळा अँपिअरच्या पॉइंटला अडीचची, एसीला चारची आणि एसीची लाइन स्वतंत्र. फ्यूजचा जुना बोर्ड असेल तर तो जाऊन एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉक बसायची वेळ आली की वीज तोडणारा स्विच) यायलाच हवा. गीझर आणि वॉशिंग मशीन असलेल्या घरात आरसीसीबी जीव वाचवतो. अर्थिंग खरंच जोडलंय का ते वायरमनला मीटरनं मोजून दाखवायला सांगा; तीन भोकांचा सॉकेट दिसला म्हणजे तिसऱ्या भोकामागे वायर असतेच असं नाही. आणि भिंतीत झिरी मारताना कॉलम-बीमला छिन्नी लागता कामा नये. कामगार निवांत मारतात, तिथे तुम्ही स्वतः उभ्या राहा. दोन एसी वाढवणार असाल तर वीजबिलावरचा मंजूर भार बघून तो वाढवायचा अर्जही करून टाका.

साठवण हा मात्र माझा आवडता विषय, तेव्हा थोडी सैल बोलेन.

सव्वासहाशे फुटांत चार माणसं राहतात तेव्हा घर छान दिसणं म्हणजे ऐंशी टक्के वेळा वस्तू दिसेनाशा होणं. पण लोक चुकतात कुठे, तर आधी कपाट करतात आणि मग वस्तू. उलटं करा. माळा आधी उतरवा. अकरा वर्षं टेप न काढलेला खोका फोडून बघा; त्यात बहुधा जुन्या घराचे पडदे, बंद पडलेला टेपरेकॉर्डर, आहेरात आलेले काचेचे सहा-सहाचे दोन सेट आणि कुणाचीतरी मार्कशीट असते. जे राहील ते मोजा. खरंच मोजा. साड्या किती, त्यातल्या टांगायच्या किती, घडीच्या किती. पांघरुणं, सतरंज्या, पाहुण्यांच्या गाद्या. दिवाळीची आणि गणपतीची मोठी पातेली, जी वर्षातून दोनदाच खाली येतात.

मग खोली ठरवा. इथली खोली म्हणजे रूम नव्हे, कपाटाची आतली खोली. टांगायच्या कपड्यांना बावीस ते चोवीस इंच लागतात, कारण हँगरच सतरा-अठरा इंच रुंद असतो. घडीच्या कपड्यांना सोळा पुरतात. पुस्तकांना दहा-अकरा. ओट्याच्या वरच्या कपाटांना बारा. सुतार मात्र सगळं दोन फूट खोल करतो. का, माहितीये? प्लायचा पत्रा आठ बाय चार फुटांचा येतो आणि तो मधोमध चिरला की दोन-दोन फुटांच्या दोन पट्ट्या निघतात, वाया काही जात नाही. पण तीन पट्ट्या काढल्या तर पावणेसोळा इंचांच्या निघतात, तेव्हाही वाया जात नाही. हे त्याला सांगितलं की तो हसतो आणि करतो. दोन फूट खोल खणात घडीचे कपडे ठेवले की पुढे एक रांग, मागे एक रांग, आणि मागची रांग पुढच्या स्थलांतरालाच दिसते. उथळ कपाटं जास्त आणि खोल कमी, असं केलंत तर तुमच्या छोट्या बेडरूममध्ये आठ इंच चालायची जागा सुटेल. पलंगाशेजारी ते आठ इंच फार मोठे असतात.

प्लाय विकत घेताना प्रत्येक पत्र्यावर शिक्का असतो तो वाचा. ओट्याखाली आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीपाशी आयएस ७१० चा, म्हणजे मरीन. बाकी ठिकाणी बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला बऱ्यापैकी टिकणारा, पुरतो. एमआर लिहिलेला साधा कमर्शियल प्लाय दमट भागात घालू नका. दुकानदार "सगळे तेच नेतात" म्हणेल.

आणि माझी एक चूक, जी तुम्ही करू नका. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बाईंच्या बेडरूममध्ये मी बाहेरच्या पश्चिम भिंतीला घट्ट टेकवून छतापर्यंत कपाट केलं. दिसायला इतकं सुरेख की मी फोटो काढून ठेवले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्यांचा फोन आला. त्यांच्या आईच्या रेशमी साड्यांवर बुरशी होती. भिंत थोडी ओलसर होती, मागे हवा नव्हती. कपाट मी पदरच्या खर्चानं सोडवून मागे दोन इंच जागा ठेवून पुन्हा बसवलं. साड्या काही परत आल्या नाहीत. तेव्हापासून बाहेरच्या भिंतीला मी कपाट लावतच नाही. लावावंच लागलं तर मागे फट आणि खाली-वर हवेला जाळी.

स्वयंपाकघराचं तुम्ही फार लिहिलेलं नाही, फक्त "कडाप्प्याचे रॅक जुनाट दिसतात" एवढंच. ते काढू नका! कडाप्प्याला वाळवी लागत नाही, पाणी लागून तो फुगत नाही, आणि गरम कुकर ठेवला तरी त्याला काही होत नाही. समोरून दारं लावा, आतून घासून घ्या. त्याच्या जिवावर तुमचे साठ-सत्तर हजार वाचतील, बाथरूमला लागतील. ओट्याची उंची मात्र तपासा. कोपर वाकवून उभं राहिल्यावर कोपराच्या चार इंच खाली ओटा आला तर खांदे दुखत नाहीत. स्वयंपाक तुम्ही दोघी करता आणि सासूबाई तुमच्यापेक्षा अर्धा फूट बुटक्या आहेत असं लिहिलंय, तर ओटा तुमच्या मापाचा ठेवा आणि त्यांना भाजी निवडायला-चिरायला बसून वापरता येईल असं भिंतीला घडी होणारं टेबल करा. ओट्यापाशी पाट ठेवून त्यावर उभं राहण्याचा तोडगा मी पाहिलाय. तो पडण्याचा तोडगा आहे.

पडण्यावरून बाथरूम. पाच लाखांतला मोठा वाटा मी इथे लावेन. खडबडीत टाइल्स, कमोडशेजारी आणि नळाशेजारी भिंतीत पक्का धरायला दांडा, बाहेरून उघडता येणारी कडी, आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत जमिनीलगत रात्री जळणारे दोन छोटे दिवे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी डोळ्यांना तरुणपणीच्या दुप्पट तरी उजेड लागतो. त्या "दिवा सापडत नाही" म्हणतात तेव्हा दिवा त्यांना खरोखर दिसत नसतो.

फरशी. मोझाइक ठेवा. मला माहीत आहे, सगळ्या बिल्डिंगमध्ये पांढऱ्या चकचकीत टाइल्स झाल्यात. पण तुमच्या फोटोतली फरशी कुठेही खचलेली नाही, फक्त अकरा वर्षं फिनाइलनं पुसून निस्तेज झालीय. मशीननं चार-पाच हात घासून पॉलिश केली की ती पुन्हा उजळते आणि खर्च नव्या फरशीच्या कितीतरी कमी. फरशीवर फरशी बसवायचा सल्ला कुणी दिला असेल तर लक्षात घ्या: पातळी अर्धा-पाऊण इंच चढते, सगळी दारं खालून तासावी लागतात, बाथरूमच्या उंबऱ्याचा हिशेब बिघडतो आणि पाचशे चौरस फुटांना टनभर वजन वाढतं. एका घराच्या टनानं इमारत पडत नाही, पण तीस वर्षांच्या इमारतीत सोळाही घरांनी तेच केलं तर काय, हा विचार कुणीतरी करायला हवा. पॉलिशचा चिखल भिंतींवर वीतभर उडतो, म्हणून फरशी आधी आणि रंगाचा शेवटचा हात नंतर.

फॉल्स सीलिंग नको. तुमची उंची साडेनऊ फूट, त्यातले पाच-सहा इंच जातात, पंखा खाली येतो, आणि वरच्या घरातून गळती झाली तर ती सीलिंग ओथंबेपर्यंत कळत नाही. त्यातले छुपे दिवे हवे असतील तर तो परिणाम दोन उभ्या दिव्यांनी आणि कपाटावर ठेवलेल्या दिव्यांच्या एका पट्टीनं मिळतो. तुमच्या हॉलमध्ये एकच पांढरी ट्यूब आहे, ६५०० केल्विनची, दवाखान्यात असते तशी (केल्विनचा आकडा जितका मोठा, तितका उजेड पांढरा-निळसर). अभ्यासाला आणि ओट्याला ४००० चा दिवा, बसायच्या जागी ३००० चा पिवळसर, आणि प्रत्येकाला वेगळं बटण. आधी हे दोन दिवे आणून लावून बघा. अर्ध्या गिऱ्हाइकांना त्यानंतर रंग बदलायची घाई राहत नाही.

तरी रंग विचारलात, म्हणून सांगते. पश्चिमेचा हॉल दुपारनंतर तापतो आणि सोनेरी होतो, तिथे पिवळा-केशरी टाळा. फिकट राखाडी-हिरवट किंवा ताकासारखा पांढरा धरतो. पण माझं ऐकूनही ठरवू नका. नमुन्याचा छोटा डबा आणून समोरासमोरच्या दोन भिंतींवर तीन-तीन फुटांचे चौकोन रंगवा आणि सकाळी, चार वाजता व दिव्यात बघा. शेडकार्डावरचा रंग चार भिंतींवर गेला की एक छटा गडद दिसतो, कारण भिंती एकमेकींवर रंग टाकतात. किती लागेल ते असं काढा: दहा बाय बाराच्या खोलीचा घेर चव्वेचाळीस फूट, गुणिले साडेनऊ, वजा दार-खिडकी, म्हणजे पावणेचारशे चौरस फूट. पुट्टी केलेल्या भिंतीला दोन हातांत लिटरमागे साठ फूट धरलं तर सव्वासहा लिटर. रंगारी दहा सांगेल. उरलेलं पुढच्या घरी जातं.

दारांबद्दल एक सावधगिरी. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत नव्वद भाग) आत आणणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमच्या दारांवरचा ऑइलपेंट त्याच्या आधीचा आहे. तो कोरडा घासला तर धुळीत शिसं असू शकतं आणि ते मुलांना घातक. पाणी लावून घासायला सांगा, ते दोन दिवस मुलीला मामाकडे पाठवा आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसा.

देवघर. मी वास्तू सांगत नाही आणि कुणाची श्रद्धा मोडतही नाही. ईशान्येला सकाळचं कोवळं ऊन येतं, तिथे पूजा करावीशी वाटणं समजतं. तुमच्या घरात ईशान्येला बाथरूम आहे. ते हलवायचं म्हणजे खालच्यांच्या बेडरूमवर बाथरूम आणायचं. सोसायटी परवानगी देणार नाही आणि देऊही नये. स्वयंपाकघरातली पूर्वेची भिंत मोकळी आहे, तिथे करा. निरांजनाच्या मागे दगड किंवा टाइल लावा, वर दीड-दोन फूट लाकूड येऊ देऊ नका, आणि चायना दिव्यांची माळ तेलाच्या दिव्याजवळून नेऊ नका. सासूबाईंना खाली बसवत नसेल तर देव खुर्चीच्या उंचीवर. त्यात कमीपणा नाही.

म्हणजे क्रम असा ठरला: आत्ता कुरकुरीची वही, सोसायटीला अर्ज आणि बाहेरच्या चिरा, पावसाळ्यात निरीक्षण, वायरिंग, बाथरूम, माळा रिकामा करणं आणि कपाटं, दिवाळीला एक खोली, हिवाळ्यात फरशी आणि मग रंग. पाचांतला एक लाख पहिल्या वर्षी बँकेतच राहू द्या. आपल्याला नक्की काय हवंय ते घर नीट झाल्यावर कळतं, तेव्हा हात रिकामा नको. कामगारांना आगाऊ रक्कम एक पंचमांशापेक्षा जास्त नाही, पुढचे हप्ते झालेल्या कामावर, आणि शेवटचे दहा टक्के काम संपल्यावर पंधरा दिवसांनी. त्या पंधरा दिवसांत सगळ्या कड्या-बिजागऱ्या आपापला स्वभाव दाखवतात.

शोभेच्या वस्तूंची यादी तुम्ही मागितली होती, ती देत नाही. एका दिवसात विकत आणलेली भिंत वर्षभरात नकोशी होते. एखादं जुनं सागवानी कपाट किंवा आरसा हवा असेल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, घाई न करता, दोन-तीन वेळा रिकाम्या हातानं परत येऊन. माळ्यावरून उतरलेल्या खोक्यात सासूबाईंचा अडकित्ता, वेताची पेटी असं काही निघालं तर ते आधी. बाकी भिंती रिकाम्या राहू द्या. मुलगी बारावीपर्यंत त्या भरेल.

राहिली पाटी. ती मात्र दिवाळीची, पाडव्याची वाट न बघता याच आठवड्यात करायला टाका. तुमच्या दारावर सध्या वहीच्या कागदावर लिहिलेलं आडनाव सेलोटेपनं चिकटवलंय, अकरा वर्षांपासून, असं तुम्हीच लिहिलंय. लोखंडी सेफ्टी डोअर असेल तर ड्रिल न मारता दुहेरी टेपवरची अॅक्रिलिक पाटी चालते, पण उन्हात ती टेप सुटते. लाकडी दाराला दोन स्क्रूंची लाकडी किंवा पितळी पाटी बरी. अक्षरं जिन्यातल्या दिव्यात वाचता येतील एवढी मोठी ठेवा, सगळ्यांची नावं घाला, मुलीचंही. पितळी घ्यायची असेल तर सासूबाईंना आधी विचारा. दर पंधरा दिवसांनी ती पीतांबरीनं घासायची कोणी, हे त्यांनीच ठरवलेलं बरं.